धुऱ्यावरच्या निंबाचं आवाळू

मे संपता संपता एका दुपारी वारं सुटलं आणि घटकाभरात दोन कामं उरकून गेलं. धर्मपालच्या घरावरचे पत्रे उचलून त्याने नाल्यापलीकडच्या पडीत वावरात नेऊन टाकले, आणि धर्मपाल व भगवानराव यांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरचं, म्हणजे सामाईक बांधावरचं, जुनं कडुनिंब मुळासकट आडवं केलं. पत्रे असे मुडपले होते की परत घरावर चढायच्या लायकीचे राहिले नव्हते. निंब मात्र पडूनही कामाचं होतं.

धुऱ्यावरचं झाड दोघांचं, ही त्या भागातली रीत. भगवानरावांच्या मुलाला, अतुलला, ती फारशी पसंत नव्हती. तो दारव्ह्याला खतांच्या दुकानात बसायचा आणि त्याला सगळ्याचे सातबारे पाहायची सवय लागली होती. मुळं आपल्या अंगाला जास्त होती, असं तो जेवताना म्हणाला. भगवानरावांनी घास थांबवला नाही. सावलीनं इतकी वर्षं धर्मपालचं पीक मारलं तेव्हा तू मुळं मोजायला गेला होता का, एवढंच त्यांनी विचारलं आणि विषय संपला.

भगवानरावांचं घर शेतीचं असलं तरी त्यांची हयात गेली ती दारव्ह्याच्या बैलबाजारात. दलाली करायचे. बैलाच्या अंगावरचे केसांचे भोवरे, खुरांची ठेवण, उठतानाची पाठ, जबड्यातले दात हे पाहून ते जो आकडा सांगत, त्याच्या आसपासच बैल जायचा. आता गुडघे गेले होते आणि बाजारात बैलांपेक्षा जुने ट्रॅक्टर जास्त येत होते. पण गावाची सवय सुटली नव्हती. बकरी असो, जुनी मोटरसायकल असो की गावठाणातली जागा, लोक आधी भगवानरावांना विचारून जायचे. त्यांनाही ते आवडायचं. कुणी विचारलं की ते लगेच बोलत नसत. जरा वेळ वस्तूकडे पाहत, कानाची पाळी चोळत आणि मग सांगत. हे पाळी चोळणं निव्वळ रुबाबासाठी असतं, असं त्यांची बायको इंदुताई म्हणायची, आणि ते खरंही होतं.

तर त्या निंबाच्या बुंध्याला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक आवाळू होतं. भरलेल्या पोत्याएवढं, खडबडीत, सालीवर बारीक बारीक कोंब फुटून वाळलेलं. गावात त्याला नुसती गाठ म्हणत. आरा मशीनवाला लाकूड पाहायला आला तेव्हा त्याने गाठीच्या वरचा बुंधा घेतला, फांद्या घेतल्या आणि गाठीला पायाने ठोकरून म्हणाला की ही नको, हिच्यात पातं अडकतं, चुलीत घाला. धर्मपालने कुऱ्हाड चालवून पाहिली. कुऱ्हाड उसळून परत आली आणि त्याच्या मनगटाला दोन दिवस कळ राहिली.

चुलीतच जायची ती गाठ, पण अतुलने तिचा फोटो मोबाइलवर टाकला. चौथ्या दिवशी अमरावतीहून नयन नावाच्या माणसाचा फोन आला. तो लेथवर लाकडाचे वाडगे, घड्याळं, टेबलं करायचा. असल्या गाठीला तो चांगले पैसे देतो म्हणाला. आतून भोवरे भरगच्च निघाले आणि लाकूड धड असलं तर चाळीस हजारांपर्यंत जाईन. बुंध्यापासून कापून ठेवा, सावलीत ठेवा, बाकी काहीच करू नका, मी येऊन पाहतो.

चाळीस हजार ऐकून अतुलने आकडा दोनदा विचारून घेतला. भगवानरावांनी मात्र कानाची पाळी चोळली. भोवरे म्हटल्यावर त्यांना तो माणूस आपल्यातला वाटला होता.

गाठ कापायला दोन दिवस लागले. आरा मशीनवाला पातं द्यायला तयार नव्हता, म्हणून मारोती सुताराची दोन माणसांनी ओढायची करवत आणली. एका टोकाला धर्मपाल, दुसऱ्या टोकाला भगवानराव. धर्मपाल पन्नाशीचा, अंगाने वाळका पण दमदार. भगवानराव अडुसष्टचे. गुडघा टेकता येत नव्हता म्हणून ते उलट्या घमेल्यावर बसून ओढायचे. ऊन डोक्यावर आलं की थांबायचं आणि उतरलं की पुन्हा सुरू. निंबाचा भुसा कडू. तो नाकात, मिशांत, दातांच्या फटींत गेला आणि जे खावं ते कडू लागू लागलं. धर्मपालच्या घरून आलेला चहासुद्धा दोघांनी तोंडं वाकडी करून प्यायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठ सुटली. बैलगाडीत घालून ती भगवानरावांच्या गोठ्यात आणताना वाटेत धर्मपालचं घर लागलं. घर म्हणजे चार भिंती, आणि वर कपाशीच्या गंजीवर टाकायची निळी ताडपत्री. धर्मपालची म्हातारी आई, रुखमाबाई, खाली बाजेवर पडून होती. ताडपत्रीखाली दिवसा भट्टी व्हायची. तिचा चेहरा सुकून गेला होता आणि ती पदराने सारखा गळा पुसत होती. भगवानरावांनी गाडी थांबवली.

"रुखमाबाई, घोर नका करू," ते म्हणाले. "ह्या गाठीतून तुमचे पत्रे निंगतात. पानी याच्या आंधी घरावर चढतीन."

"तुमी म्हनता तं निंगतीनच जी," म्हातारी म्हणाली.

धर्मपाल हसला. त्याच्या आईने बाजेवरून हात जोडले, तेव्हा भगवानरावांना फार बरं वाटलं. माणसाला असं बरं वाटलं की तो हमखास काहीतरी जास्तीचं करायला जातो.

नयन आठवड्याने येणार होता. चारपाच दिवस गेले आणि एका सकाळी बैलांना वैरण टाकताना भगवानरावांना गाठीवर चीर दिसली. कापलेल्या बाजूने वर चढलेली, बोट शिरेल एवढी. त्यांनी तिच्यात तुराटीची काडी घालून पाहिली, ती कुठेतरी अडली. आदल्या दिवशी ती चीर नव्हती, निदान त्यांना दिसली नव्हती.

त्यांनी जे केलं ते बैलाच्या माणसाने केलं असतं तेच. बाजाराच्या आदल्या दिवशी बैल धुतात, शिंगं तासून त्यांना रंग देतात, खुरांना तेल लावतात, खांद्यावरची जुनं आवाळू झाकायला हळद चोळतात. घेणारा म्हणतोच की बैल जसा आहे तसा आणा. म्हणून कुणी शेणाने भरलेला बैल बाजारात उभा करतं का? काहीच करू नका, असं तो अमरावतीवालाही म्हणाला होता. ते घेणाऱ्याचं बोलणं. विकणाऱ्याने आपलं काम करायचं असतं.

दुपारी ते बसले. करवतीखालचा निंबाचा भुसा त्यांनी डब्यात भरून ठेवला होता. तो चाळणीने चाळला, पांढऱ्या गोंदात मळला आणि चिरेत बोटाने दाबून दाबून भरला. वर राख चोळली, म्हणजे रंग मिळावा. वाळल्यावर विळ्याच्या पात्याने घासून सारखं केलं. मग जवसाचं तेल. एक हात दिला, तो लाकडाने पिऊन टाकला. दुसरा दिला, तिसरा दिला. गाठ मधासारखी दिसू लागली आणि कापलेल्या बाजूचे भोवरे एकेक करून वर आले. भगवानराव खुश होऊन पाहत बसले.

धर्मपाल संध्याकाळी आला, त्याने गाठीभोवती फेरी मारली आणि चीर शोधली. सापडली नाही.

"कुठी होती?" त्याने विचारलं.

भगवानरावांनी जागा दाखवली. धर्मपालने तिथे अंगठा फिरवला आणि मान डोलावली. हे असलं तुम्हालाच जमावं, असं म्हणून तो गेला.

नयन आला त्या दिवशी धर्मपाल गावात नव्हता. रुखमाबाईला उन्हाने ताप भरला होता, तिला घेऊन तो दारव्ह्याच्या दवाखान्यात गेला होता. नयन चाळिशीचा, हातांना जागोजाग कापल्याच्या खुणा असलेला, बोलायला मऊ माणूस. चहाआधी तो गोठ्यात गेला, गाठीशेजारी उकिडवा बसला आणि काही न बोलता पाहू लागला. भगवानरावांना त्याची पद्धत आवडली. भाव करणाऱ्याने असंच पाहावं.

त्याने बोटाच्या पेराने लाकूड ठोकलं. एका जागी ठोकलं, दोन बोटं सरकून पुन्हा ठोकलं. खिशातून दोन अणकुच्यांचं एक लहान यंत्र काढून टोचलं आणि ओल पाहिली. मग तेल लागलेली बोटं चोळून त्याने नाकाशी नेली.

"काका, इथे चीर होती ना?"

"बारीकशी होती. बुजवली," भगवानराव म्हणाले.

"किती खोल होती?"

"काडी घालून पाह्यली. बोटभर असन."

नयनने बोटांचं तेल रुमालाला पुसलं. त्याला सांगायला जड जात होतं, हे दिसत होतं. मग त्याने सगळं नीट सांगितलं. चीर असल्याने काही बिघडत नाही. उलट त्या चिरेत ते काचेसारखं रेझिन ओततात, निळं, हिरवं, आणि त्याच टेबलाला लोक जास्त पैसे देतात. चीर उघडी असती तर त्याने आत तार घालून खोली मोजली असती आणि त्या हिशेबाने कसं कापायचं ते ठरवलं असतं. आता ती किती आत गेली आहे, फुटून दोन झाली आहे की सरळ आहे, काहीच दिसत नाही. शिवाय तेल. तेलाच्या लाकडाला रेझिन धरत नाही, म्हणजे बाहेरचा जाड थर तासून फेकावा लागणार, आणि चांगले भोवरे तर त्या थरातच असतात.

"मंग भाव?" भगवानरावांनी विचारलं.

"झाकलेली चीर आली की मला सगळ्यात वाईट तेच धरावं लागतं, काका. वीस देतो. तुम्ही दुसऱ्याला दाखवा, मला राग नाही. पण याहून जास्त कुणी देईल असं वाटत नाही."

भगवानरावांनी घासाघीस केली नाही. कारण तो म्हणत होता ते त्यांना तोंडपाठ होतं. रंगवलेलं शिंग दिसलं की ते स्वतः नखाने रंग खरवडायचे आणि खाली काही असो नसो, भाव अर्धा करायचे. लपवलंय म्हणजे काहीतरी आहे. इतकी वर्षं घेणाऱ्याच्या बाजूने हेच बोलत आले आणि विकायला बसल्यावर ते त्यांच्या डोक्यातून गेलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की चहा देताना इंदुताईने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

गाठ गाडीत चढवायला नयनने स्वतः खांदा दिला. वीस हजार देऊन तो गेला.

वाट्याला दहा दहा. पत्रे, बल्ल्या, खिळे आणि त्यांचे वायसर धरून धर्मपालला लागत होते वीस. रात्रीचं जेवण झाल्यावर भगवानरावांनी सगळे पैसे एका रुमालात बांधले. इंदुताई भांडी घासत होती. तिने पाहिलं आणि तिला समजलं.

"पैसे द्या," ती म्हणाली. "पन सांगून द्या."

"सांगतलं तं तो माहे दहा घेनार नाई."

"नाई घेतले तं त्याचं तो पाहीन."

"अन् म्हातारी तशीच ताडपत्रीखाली राहीन?"

इंदुताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हातारीले कायले मधात घेता? तुमाले तुमचं नाव जपाचं हाये."

भगवानराव रागावून उठले आणि अंगणात जाऊन बसले. तिचं बोलणं अर्धं खरं होतं आणि त्यांचंही अर्धं खरं होतं. धर्मपाल फुकटचा पैसा घेणारा माणूस नव्हता, हे गावाला माहीत होतं. पण धर्मपालसमोर उभं राहून, मी तुझी वस्तू नासवली, हे सांगायचं त्यांच्याने होत नव्हतं, हेही तेवढंच खरं.

सकाळी त्यांनी रुमाल धर्मपालच्या हातात दिला. धर्मपालने मोजून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजे चाळीस आले पुरे?"

"तुहा वाटा हाये तो. ठेव," भगवानराव म्हणाले.

आकडा त्यांनी उच्चारला नाही. आपण खोटं बोललो नाही, असं ते घरी येईपर्यंत मनाशी म्हणत होते. घरी आल्यावर म्हणायचं थांबले, कारण इंदुताई दारातच उभी होती.

धर्मपालने त्याच दिवशी पत्रे आणले आणि येता येता चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं. भगवानरावांनी चीर अशी भरली की अमरावतीच्या कारागिराला पत्ता लागला नाही, तेल असं पाजलं की गाठ चमकायला लागली, आणि रुपया कमी न करता चाळीस घेतले. तो कौतुकाने सांगत होता आणि जरा वाढवूनही सांगत होता. संध्याकाळपर्यंत गावातली माणसं आपापल्या झाडांच्या बुंध्यांकडे पाहू लागली. बाभळीची गाठ, पळसाची गाठ, एकाने तर जुन्या ओंडक्यावरचं वारुळ फोडून खाली गाठ आहे का ते पाहिलं. भगवानराव दोन दिवस टपरीकडे फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पत्रे चढवायचे होते. तिथे न जाणं बरं दिसलं नसतं. गुडघ्यामुळे वर चढता येत नव्हतं म्हणून ते खाली उभे राहून सामान देऊ लागले. वर धर्मपाल बल्लीवर बसून ठोकत होता, दुसऱ्या टोकाला त्याचा मोठा मुलगा धम्मदीप. रुखमाबाईची बाज पळसाच्या सावलीत हलवली होती. ताप उतरला होता आणि ती घरावर चढणारा एकेक पत्रा पाहत होती. आभाळ झाकोळून आलं होतं, पण वारा नव्हता. घामाने सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते.

चार पत्रे बसले असतील, तेवढ्यात धुरपताबाई आली. ती गावाच्या कडेला एकटी राहायची, दोन शेळ्यांवर आणि निंदणाच्या मजुरीवर. तिच्या घरामागे निंबाचं झाड होतं, आणि त्याला धुऱ्यावरच्याएवढी नाही तरी बऱ्यापैकी गाठ होती. ती तिने कुणाकडून तरी कापून घेतली होती. हातात गोंदाचा डबा आणि पदरात भुसा.

तिने सांगितलं ते असं. गाठीला चीर पडली आहे. भुसा चाळून ठेवलाय, तेलही आणलंय, पण हात थरथरतो. धर्मपालच्या गाठीची भरली तशी भरून द्या, आणि त्या अमरावतीवाल्याला बोलवा.

"राहू द्या धुरपताबाई. नका भरू," भगवानराव हळू आवाजात म्हणाले.

"काय म्हनता?"

धुरपताबाईला कमी ऐकू येतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिच्याशी हळू बोलण्यात काही अर्थ नव्हता. भगवानरावांनी वर पाहिलं. धर्मपाल ठोकत होता. घरी जाऊन सांगतो म्हणावं, उद्या पाहू म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ही बाई इथून जाईल आणि दुसऱ्या कुणाकडून तरी भरून घेईल. मारोती सुताराने हो म्हटलं की झालं. आणि मग तिची गाठ त्यांच्या नावाने नासेल.

"भरू नका म्हनतो!" ते मोठ्याने म्हणाले. "मी भरली म्हून अर्धाच भाव आला. चाळीस नाई आले. वीस आले."

धुरपताबाईला ते नीट ऐकू गेलं. वर हातोडा थांबला.

धुरपताबाईने डब्याचं झाकण घट्ट केलं, धर्मपालकडे एकदा पाहिलं आणि आली तशी निघून गेली.

"मंग माह्या वाट्याचे ते वीस?" धर्मपालने वरून विचारलं.

"सारे तेच होते."

धर्मपालने बसवलेल्या पत्र्यांकडे पाहिलं, मग बाजेवरच्या आईकडे. रुखमाबाईने मान खाली घातली होती आणि ती पदराची कड चाचपत होती. धर्मपालला राग आला असता, त्याने शिवी दिली असती, तर भगवानरावांना सोपं गेलं असतं.

"तुमचे दहा मी वापस करीन," तो म्हणाला. "सोयाबीन निंगालं का देतो."

"नको देऊ. नासवली म्या. त्याची भरपाई समज."

"ते तुमी पयलेच सांगतलं असतं तं समजलो असतो."

त्याने ओठांत धरलेला वायसर काढून बल्लीवर ठेवला. धम्मदीप दुसऱ्या टोकाला पत्रा धरून तसाच बसून होता.

"एक पुसू का?"

"पूस."

"माहा ढवळ्या तुमी इकला होता. त्याचा भाव तुमी सांगतला तोच आलता ना?"

दोन वर्षांपूर्वी धर्मपालचा ढवळा बैल भगवानरावांनीच दारव्ह्याच्या बाजारात विकला होता. बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबून ठरवतात, आणि काय ठरलं ते दोन दलालांनाच माहीत असतं. धर्मपाल त्या दिवशी आला नव्हता. त्याला बैल जाताना पाहवणार नव्हता. भगवानरावांनी रुमालाखाली जेवढे ठरले तेवढे रुपये आणून त्याच्या ओंजळीत घातले होते, दलालीसुद्धा घेतली नव्हती. त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्याहून चोख व्यवहार दुसरा नव्हता. समोरचा दलाल तर गेल्या वर्षीच वारला.

"तोच आलता," भगवानराव म्हणाले. मग पुन्हा म्हटलं, "तोच आलता, धर्मपाल."

धर्मपालने त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला आणि पुढचा पत्रा मागितला.

भगवानरावांनी पत्रा उचलून वर दिला. असलं 'हो' त्यांनी बाजारात कितीदा तरी ऐकलं होतं. भाव पटलेला नसतो, पण आता बोलून उपयोग नाही असं वाटलं की माणूस असंच हो म्हणतो.